सुरी लागत नाही

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. मानवत

विज्ञान दिनाचं व्याख्यान एकदाचं झालं. प्राचार्यांनी माझी ओळख करून देताना दोनदा 'नॅनो'चं 'नायनो' केलं. हा माणूस रसायनशास्त्राचा एम.एस्सी. आहे. मी निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी माझ्या जागी यांनी अजून पूर्णवेळ माणूस नेमलेला नाही. भौतिकशास्त्राचा तास सध्या मराठीचे सर घेतात, असं कळलं. मी आश्चर्य व्यक्त केलं नाही.

सभागृहात तीनशे लोक. निम्मी पोरं हजेरीच्या धाकानं बसवलेली, बाकीचे गावातले प्रतिष्ठित, म्हणजे दुपारी ज्यांना दुसरं काम नसतं ते. तरी मी सगळ्यांना धरून ठेवलं. टेबलावर दोन परीक्षानळ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत डाळिंबाच्या रसासारखं लाल द्रावण. ते लाल म्हणजे सोनं. सोन्याचे कण इतके बारीक केले, की केसाच्या जाडीत तीन-चार हजार ओळीनं मावतील, तर ते पिवळं राहत नाही, लाल दिसतं. पुढच्या रांगेतल्या सराफानं अशी मान हलवली, जणू हा त्याच्या दुकानातला रोजचा माल. दोन्ही नळ्यांवर हिरवा लेसर पाच-पाच मिनिटं धरला. पाणी होतं तसंच राहिलं. सोन्याचं पाणी एकोणतीस अंशांवरून एक्केचाळीसवर गेलं.

मग मी म्हणालो, "हेच कण कॅन्सरच्या गाठीत सोडायचे. बाहेरून प्रकाश टाकायचा. कण तापतात, गाठीतल्या पेशी जळून जातात, शेजारच्या चांगल्या पेशींना धक्का लागत नाही. सोन्याचा कण शोधतो, प्रकाश जाळतो, सुरी लागत नाही."

टाळ्या थांबेनात. ते शेवटचं वाक्य मी आठवडाभर घासत होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

लेसर आणि द्रावण सारंगनं आणलं होतं. माझा जुना विद्यार्थी, आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत याच कणांवर काम करतो. प्रामाणिक आहे, पण बोलताना अडखळतो आणि प्रत्येक वाक्याला 'कदाचित' लावतो. टाळ्या चालू असताना कानाशी येऊन म्हणाला, "सर, शेवटची स्लाइड राहिली. उंदरांची." त्या स्लाइडवर असं होतं, की हे बहुतेक काम अजून उंदरांवरच झालंय, माणसांवर मोजक्या चाचण्या चालू आहेत, आणि उपचार म्हणून हे कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. मी प्रोजेक्टर बंद करायला लावला. टाळ्या पडल्यावर उंदीर दाखवायचे नसतात, एवढं याला कळत नाही.

विमल आली होती. छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही व्याख्यानाला न आलेली बाई आज बायकांच्या पहिल्या रांगेत पदर सावरून बसली होती. संध्याकाळी चहा देताना म्हणाली, "ते सोनं म्हंजी आपल्या अंगठीतलंच का?" मी हसलो. थोड्या वेळानं पुन्हा, "आन् तोंडात असलं काही, तर तिथं चालतंय का ते?" मी म्हटलं, तुला सांगून उपयोग नाही, तू भाकरीचं बघ. बोरीच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला प्रकाशाचं शोषण समजावण्याइतकं आयुष्य माझ्याकडे उरलेलं नाही.

९ मार्च, रविवार

जेवणात तिखट नावाला नाही. वांग्याचं भरीत आजाऱ्याला भरवतात तसलं. विचारलं तर, "मिरच्या संपल्यात." परभणी जिल्ह्यात मिरच्या संपल्या असतील तर वर्तमानपत्रात यायला हवं होतं. ती स्वतः दुधात कुस्करलेली भाकरी खाते, तीही माझं जेवण झाल्यावर, आत एकटी बसून. दातांचं वय झालं असणार. चाळीस वर्षं मिसरी घासली, दुसरं काय होणार. तो जाळलेला तंबाखू आहे हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. सांगण्याचं काम माझं, ते मी केलं.

२७ मार्च, गुरुवार

विमल आज पुन्हा सोनपेठला. हा तिसरा गुरुवार. तिथे तिची थोरली बहीण मालनबाई असते, तिचे गुडघे दुखतात म्हणे. सकाळच्या एसटीनं जाते, दिवेलागणीच्या आत परत. दोन बहिणी मिळून गुडघ्यांवर दिवसभर काय चर्चा करत असतील, हा संशोधनाचा विषय आहे. घर मात्र शांत असतं. विज्ञान मासिकाकडून तपासायला आलेले दोन लेख बघून झाले, दोन्ही टाकाऊ.

परत आली तेव्हा खुशीत होती. डावा गाल लालभडक. खिडकीच्या बाजूला बसू नये उन्हाचं, एवढं साधं कळत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

डोकं फिरायची वेळ आली आहे.

दूधवाल्यानं एक पत्रक आणून दिलं. गुलाबी कागद. 'सुवर्णकिरण उपचार केंद्र, सोनपेठ. दर गुरुवारी. गाठ, गळू, तोंडातली जखम, कॅन्सर. सोन्याचा कण शोधतो, प्रकाश जाळतो, सुरी लागत नाही.' खाली नाव, डॉ. भुजंग.

हा भुजंग माझ्याच हाताखाली बारावीला भौतिकशास्त्रात दोनदा नापास झालेला आहे. त्याच्या पेपरवर मी लिहिलं होतं, की कोरा दिला असतास तर निदान कागद वाचला असता. तो डॉक्टर कधी झाला, हे त्याच्या आईलाही माहीत नसेल. आता आठवतं, व्याख्यानाला तिसऱ्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होता. मला तेव्हा बरं वाटलं होतं, की तीनशेत एकाला तरी लिहून घ्यावंसं वाटलं.

सारंगला फोन केला. त्याला वाक्याच्या चोरीचं काहीच नाही. म्हणाला, "सर, माणसं ऑपरेशन सोडून तिकडे जातील. काही जणांचा आजार आत्ता पकडला तर बरा होण्यासारखा असेल."

मी म्हटलं, "ज्यांना बारावी नापास माणूस डॉक्टर वाटतो, त्यांना कोण वाचवणार?"

"त्यांना तो डॉक्टर वाटत नाही, सर. तुम्ही वाटता. वाक्य तुमचं आहे."

मी फोन ठेवला. अडखळणाऱ्या माणसाचं एखादं वाक्य चुकून सरळ आलं, की त्याला वाटतं आपण मोठं बोललो. तासाभरानं त्याचा पुन्हा फोन. आरोग्य खात्याला लेखी तक्रार दिली आहे, पण ते कधी येतील सांगता येत नाही, आपण जाऊ. मी जाणार. भुजंगाला चारचौघांत त्याची लायकी दाखवण्यासाठी जाणार. बाकी जनतेचा उद्धार सारंगनं करावा.

२४ एप्रिल, गुरुवार

सगळं क्रमानं लिहितो.

विमल सकाळी नेहमीप्रमाणे बहिणीकडे गेली. मी कुठे जातोय ते तिला सांगितलं नव्हतं, सांगायची पद्धतही नाही. अकराला सारंग गाडी घेऊन आला. लाकडी डब्यात दोन रिकाम्या परीक्षानळ्या आणि त्याच्याकडचं खऱ्या सोन्याचं द्रावण.

बाजाराच्या मागे एका किराणा दुकानाच्या पाठीला भुजंगाची खोली. बाहेर पत्र्याखाली वीस-पंचवीस माणसं, बायकाच जास्त, तोंडाला पदर लावून बसलेल्या. आत तो पांढरा कोट घालून. कापसाच्या बोळ्यानं गालाच्या आतून लाल औषध लावायचं आणि बाहेरून लाल बल्ब धरायचा. तो बल्ब म्हणजे खांदा आखडला की शेकायला वापरतात तो. मी दारात उभा राहिलो तर उठून पाया पडला. "सर, तुमचाच आशीर्वाद."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. खऱ्या सोन्याच्या पाण्यात मीठ टाकलं, की बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग जाऊन निळा होतो. नुसत्या रंगाला मिठाचं काही घेणंदेणं नसतं. दुकानातून मूठभर मीठ मागवलं. एका नळीत सारंगचं द्रावण, दुसरीत भुजंगाच्या बाटलीतलं. दोन्हीत चिमूटचिमूट टाकून हलवलं. सारंगची नळी बघता बघता जांभळी झाली, मग निळी. भुजंगाची लग्नातल्या सरबतासारखी लालच राहिली.

"हा मिठाईत घालायचा रंग आहे," मी म्हणालो. "आणि तुम्ही लोक तो तोंडाला लावून घेताय."

 एका म्हाताऱ्यानं उठून चप्पल शोधली. भुजंग स्टुलावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मी आधी पाटी न्हाई लावली. तुमचं भाषण झालं, आन् लोकं मला विचारायला लागली, की हे कुठं मिळतंय. तुमाला विचारायची छाती कुणाची होती? लय लोकांनी विचारलं, मंग लावली."

असल्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं. मी बाकीच्यांकडे वळलो आणि म्हणालो, घरी जा, अक्कल आली असेल तर.

तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "मंग आता आमी कुठं जावं?"

बोलणं जड होतं, तोंडात घास असल्यासारखं. आवाज ओळखीचा वाटला, पण मी आधी साडी ओळखली. अर्पितानं, आमच्या मुलीनं, दिवाळीला आणलेली. विमल भिंतीला टेकून उभी होती. शेजारी मालनबाई. विमलनं तोंडावरचा पदर काढला नाही. काढायची गरज नव्हती, गाल बाहेरूनच सुजलेला दिसत होता.

मी परीक्षानळ्या डब्यात ठेवल्या. झाकण लावलं. झाकण उघडून नळ्या काढल्या, पुसल्या, परत ठेवल्या. सारंग पुढे झाला आणि तिला म्हणाला, "काकू, गाडीत बसा. आपण आधी नीट दाखवून घेऊ." मालनबाई माझ्याकडे बघत होती. त्या बाईला बघायचं कसं हेसुद्धा कळत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

परभणीच्या डॉक्टरनं तोंड बघितलं आणि संभाजीनगरची चिठ्ठी लिहिली.

घरी आल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"विचारलं होतं की."

"कधी?"

"भाषण झालं त्या दिवशी. चहा देताना. तुमी हासलाव."

मी म्हटलं, तू सोन्याबद्दल विचारलंस, स्वतःबद्दल नाही.  मग म्हणाली, "दिवाळीपासून दुखायलंय. आधी वाटलं, दात लागला असंल. त्या भुजंगानं लाइट लावून तोंडात बघितलं. किती दिवसापासून हाय, गिळाय येतंय का, झोप लागती का, सगळं विचारलं."

"तो चोर आहे."

"आसंल. पर त्यानं विचारलं."

यातलं तर्कशास्त्र मला समजत नाही. लबाड माणसानं चौकशी केली म्हणून त्याच्या हातचा रंग लावून घ्यायचा? बायका अशाच फसतात. हे सगळं लिहिलं आणि पुन्हा वाचलं. पहिल्या पानावरचा तिचा प्रश्नही पुन्हा वाचला. 'तोंडात असलं काही' असं तिनं खरंच म्हटलं होतं. माझ्याच अक्षरात आहे.

५ मे, सोमवार. संभाजीनगर

डॉक्टर मुलीच्या वयाची. नाव शिवकन्या. तिनं मला विचारलं, "किती दिवसांपासून आहे? जेवण कधीपासून कमी झालं? तोंड कधीपासून पूर्ण उघडत नाही?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. प्रश्न तिनं पेशंटला विचारायला हवे होते, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "त्यांना बोलताना त्रास होतोय. म्हणून घरच्यांना विचारतेय."

तुकडा तपासून आला आहे. कॅन्सरच आहे. गालातून जबड्याच्या हाडापर्यंत आलाय, गळ्यात एक गाठ. जबड्याचा डावा भाग काढावा लागेल. नंतर किरणांचा उपचार. मी विचारलं, दोन महिन्यांपूर्वी आलो असतो तर? ती म्हणाली, "हाड कदाचित वाचलं असतं." ही मंडळी 'कदाचित' कुठून शिकतात कोण जाणे.

सोन्याच्या कणांचं मी विचारलं. विचारणं भाग होतं. माझ्या व्याख्यानाबद्दल सांगितलं, तापमानाचे आकडे सांगितले. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, हे मला जास्त लागलं. "सर, पुढे कधीतरी येईल. आज माझ्याकडे सुरी आहे आणि किरणं आहेत. यांच्यासाठी तेवढं करू या."

विमल ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हंजी ते सोन्याचं खरं न्हाईच का?"

"खरं आहे. अजून उंदरांचं आहे."

"आसं होय," ती म्हणाली. "ते बी सांगायचं हुतं."

१९ मे, सोमवार

उद्या ऑपरेशन. वॉर्डात बारा खाटा, तेरा नातेवाईक आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या आजारात नाक खुपसायची हौस. शेजारच्या खाटेवरची बाई विमलला केस विंचरून देते. ओळख ना पाळख. महारुद्र नावाचा वॉर्डबॉय मला 'काका, सरका' म्हणतो. चाळीस वर्षांत मला कुणी सरकायला सांगितलं नव्हतं. आज चार वेळा सरकलो.

सारंग पुण्याहून डबा घेऊन आला. त्याला म्हटलं, तुझं काम सोडून इथे कशाला? म्हणाला, "सर, ती स्लाइड मी लावायलाच हवी होती. तुम्ही नको म्हणालात तरी."  दोष घ्यायलासुद्धा हा माझ्या पुढे धावतो.

२० मे, मंगळवार

साडेसात तास. जिवंत आहे.

२९ जून, रविवार. मानवत

घरी आणून तीन आठवडे झाले होते, मग किरणांसाठी पुन्हा संभाजीनगर. वॉर्डातले लोक त्याला 'लाइट' म्हणतात. "काकूचा लाइट कितवा?" असं विचारतात. मी आधी सगळ्यांना दुरुस्त करत होतो. आता नाही करत. दोन दिवसांच्या सुट्टीत घरी आलोय.

ती बोलते ते मला कळत नाही. अर्पिताला कळतं, मालनबाईला कळतं, दूधवाल्यालासुद्धा कळतं. ती काहीतरी म्हणते, मी "काय?" म्हणतो, ती पुन्हा म्हणते, मी पुन्हा "काय?", मग ती हात हलवून सोडून देते. अर्पिता म्हणाली, "बाबा, तुम्ही शब्द ऐकता. तिच्याकडे बघून ऐका ना." मला शिकवायला आता मुलगी.

३ ऑगस्ट, रविवार

लाइट संपले. तपासणीत सध्या तरी स्वच्छ. 'सध्या तरी' हेही डॉक्टरांचंच.

भुजंगावर गुन्हा दाखल झाला. पेपरात बातमी आली, 'प्राध्यापकांनी चिमूटभर मिठानं उघडी पाडली बुवाबाजी'. फोटो माझा. तीन मंडळांचे फोन. सप्टेंबरात मानवतला जाहीर सत्कार, शाल, श्रीफळ. जे लोक मार्चमध्ये त्याच्याकडे रांगा लावत होते तेच आता मला हार घालणार. या गावाला कुणाच्या तरी पाया पडल्याशिवाय चैन पडत नाही. मी हो म्हटलं आहे. का म्हटलं, ते लिहायला गेलो तर अवघड जातंय, म्हणून सोडून देतो.

विमलला सांगितलं. ती बराच वेळ काहीतरी बोलली. अर्पितानं सांगितलं, "आई म्हणते, जा. पण सगळं सांगा. अर्धं नका सांगू."

१४ सप्टेंबर, रविवार

सत्कार झाला. निवेदकानं मला 'विज्ञानाचा दीपस्तंभ' म्हटलं. समुद्र चारशे किलोमीटर लांब असलेल्या गावात.

मी उठलो. भाषण लिहून नेलं होतं, अर्ध्याहून जास्त भुजंगावर, चांगले चिमटे होते त्यात. ते वाचलं नाही. मी म्हणालो, त्या दिवशी सोनपेठच्या रांगेत माझी बायको उभी होती. ती भुजंगामुळे गेली नाही, माझ्यामुळे गेली. मी या गावाला सांगितलं होतं, की सुरी लागत नाही. तिला लागली. अर्धा जबडा गेला. तिनं मला घरात विचारलं होतं आणि मी हसलो होतो. ज्यांच्या तोंडात चट्टा आहे, पंधरा-वीस दिवसांत न भरलेली जखम आहे, त्यांनी दवाखान्यात जाऊन दाखवावं. सोनं अजून उंदरांपाशीच आहे.

टाळ्या नाहीत. अध्यक्षांनी शाल हातात तशीच धरून ठेवली, मग आपल्याच खांद्यावर टाकली. मला वाटलं, चला, आता निदान चहा तरी लवकर मिळेल.

पायऱ्या उतरताना एक बाई आडवी आली. शेतातून थेट आल्यासारखी, हातात विळ्याची पिशवी. "सर, मी कडूबाई. माझं जरा बघता का?"

मी म्हटलं, मी डॉक्टर नाही.

"ठावं हाय. पर तुमी आत्ता म्हणलाव ना."

मोबाइलचा लाइट लावला. तिनं तोंड उघडलं. उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, मध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढं लाल. मी ओळखतो म्हणण्याइतकं मला काही येत नाही. पण बघितलं, बराच वेळ बघितलं. विचारलं, किती दिवसांपासून. गिळता येतं का. ती सगळं सांगत होती, मला एकदाही "काय?" म्हणावं लागलं नाही. शेवटी म्हणाली, "मला लय भ्या वाटायलंय. घरात कुणाला सांगितलं न्हाई."

घरी येऊन विमलला सांगितलं. अर्पिता घरात नव्हती. विमल बोलली आणि मी तिच्याकडे बघत ऐकलं. पहिल्यांदाच कळलं. म्हणाली, "मी जाते तिच्यासंगं."

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी आठच्या एसटीनं दोघी संभाजीनगरला गेल्या. विमलनं गळ्याभोवती पदर घट्ट घेतला होता, पण चेहरा झाकला नव्हता. स्टँडवर लोक बघत होते, ती बघू देत होती. कडूबाईनं तिचा हात धरला होता, की तिनं कडूबाईचा, ते लांबून कळलं नाही.

मी पण निघालो होतो. चप्पल घातली होती, जुने रिपोर्ट पिशवीत भरले होते, डॉक्टर शिवकन्येला विचारायचे चार मुद्दे कागदावर काढले होते. विमलनं कागद घेतला, वाचला, घडी घालून माझ्याच खिशात ठेवला.

सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाली, "तुमी घरी थांबा. तुमी संगं असलाव की माणसं विचारायचं बंद करत्यात."

मी थांबलो.